खरीप कांद्याचे उळे पावसात का टाकता? सेटपासून लागवड करून पाहा



खरीप कांदा घेणाऱ्या शेतकऱ्याची खरी परीक्षा शेतात नव्हे, रोपवाटिकेत होते. नाशिक जिल्ह्यात येवला, चांदवड, देवळा, मालेगाव, नांदगाव, सिन्नर या भागांत मे-जूनमध्ये उळे टाकले जाते. नेमक्या त्याच वेळी एखादा जोराचा पाऊस येतो, वाफ्यात पाणी साचते आणि चार बोटे वाढलेली रोपे जमिनीलगत कुजून आडवी पडतात. यालाच आपण मर म्हणतो. महागाचे बी जाते, दुसरे बी मिळेपर्यंत पंधरा दिवस जातात आणि लागवड लांबते. तुमच्यापैकी अनेकांनी हा अनुभव घेतलेला आहे.

गादीवाफा, ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया आणि पाण्याचा निचरा या उपायांनी मर कमी होते. परंतु पीक ज्या अवस्थेत सर्वात नाजूक असते, ती अवस्थाच पावसाळ्याच्या बाहेर काढता आली तर? यासाठी सेटपासून लागवड ही पद्धत आहे. हरियाणा, राजस्थान या राज्यांत खरीप कांद्यासाठी ती वापरली जाते.

सेट म्हणजे काय?

सेट म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी दाट पेरून मुद्दाम लहान ठेवलेला, सुपारीएवढा कांदा. तो उन्हाळ्यात वाळवून ठेवतात आणि पावसाळ्यात रोपाऐवजी लावतात. सेटमध्ये अन्नसाठा असल्यामुळे तो लवकर फुटतो आणि पहिल्या पावसाच्या माऱ्याला कोवळ्या रोपापेक्षा चांगला तोंड देतो.

येथे एक इशारा महत्त्वाचा आहे. बाजारातील गोल्टी म्हणजे सेट नव्हे. गोल्टी बहुधा रब्बी वाणाची असते आणि आकारानेही मोठी असते. ती लावल्यास डेंगळे व जोड कांदे फार निघतात. स्वस्तात मिळते म्हणून गोल्टी लावून फसू नका.

वाण

सेटसाठी खरिपाचाच वाण घ्यावा. पिंपळगाव बसवंतच्या स्थानिक कांद्यातून निवडलेला बसवंत-७८०, तसेच एन-५३, अ‍ॅग्रीफाउंड डार्क रेड, भीमा डार्क रेड हे वाण खरिपास योग्य आहेत. एन-२-४-१ हा रब्बीचा वाण आहे. तो यासाठी वापरू नये.

सेट तयार करणे

जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा पहिला आठवडा ही पेरणीची वेळ साधावी. एक मीटर रुंद व १५ सें.मी. उंच गादीवाफे करावेत. चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. बियास किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळावे. दर चौरस मीटरला सुमारे १५ ग्रॅम बी ओळीत, एक ते दीड सें.मी. खोल पेरावे. नेहमीच्या रोपवाटिकेपेक्षा ही पेरणी बरीच दाट आहे. दाटीमुळेच कांदा लहान राहतो, म्हणून विरळणी करू नये.

नत्र बेताने द्यावे. जास्त नत्राने माना जाड होतात आणि असे सेट साठवणीत सडतात. मार्च-एप्रिलमध्ये फुलकिड्यांकडे लक्ष ठेवावे. पातीच्या पोग्यात पांढुरके ठिपके दिसू लागताच उपाय करावा. कांदे दीड ते दोन सें.मी. जाडीचे झाले की पाणी तोडावे. पात पिवळी पडून माना पडल्या की एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीस सेट पातीसकट उपटावेत.

साठवण

खरिपाचे वाण मुळातच साठवणीत कमी टिकतात, म्हणून या टप्प्यावर हयगय चालत नाही. उपटलेले सेट सावलीत वाळवावेत. पात कापू नये. पातीसह लहान जुड्या बांधून हवेशीर छपरात, पावसाची झड लागणार नाही अशा जागी बांबूवर टांगाव्यात. पोत्यात भरून ठेवलेले सेट जूनच्या दमट हवेत गरम होऊन सडतात. दर पंधरा दिवसांनी जुड्या पाहून मऊ पडलेले सेट काढून टाकावेत.

निवड

लागवडीपूर्वी आकारानुसार निवड करावी. दीड ते दोन सें.मी. जाडीचे सेट उत्तम. अडीच सें.मी.पेक्षा मोठे सेट डेंगळे देतात. ते घरी भाजीला वापरावेत. एक सें.मी.पेक्षा लहान सेट कमजोर वाढतात.

ट्रेचा उपयोग कोठे करावा?

सर्व सेट ट्रेमध्येच फुटवून मग लावावेत का, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. हिशेब करून पाहा. १५ × १० सें.मी. अंतराने, सऱ्यांची जागा सोडून, एकरात दोन ते अडीच लाख कांदे बसतात. ९८ कप्प्यांच्या ट्रेमध्ये कप्प्याला एक सेट धरला तर दोन हजारांवर ट्रे लागतील. तेवढा खर्च व मजुरी कांद्याला परवडत नाही. सेट थेट शेतात लावता येतो, हाच त्याचा फायदा आहे. तरीही दोन कामांसाठी ट्रे जरूर वापरावेत.

पहिले काम उगवण चाचणीचे. लागवडीच्या पंधरा दिवस आधी साठवणीतील निरनिराळ्या जुड्यांतून १०० सेट काढून ट्रेमध्ये लावावेत. त्यातील ८५ फुटले तर लागवडीस तेवढे जादा सेट हाताशी ठेवावेत. निम्मेच फुटले तर तो साठा लावू नये. शेत भरून गेल्यावर चूक कळण्यापेक्षा एका ट्रेवर कळलेली बरी.

दुसरे काम नांगे भरण्याचे. शेतात लागवड कराल त्याच दिवशी काही ट्रे भरावेत. ट्रे धुऊन उन्हात वाळवलेले असावेत. कोकोपीट किंवा चाळलेले कुजके शेणखत व माती भरावी. सेटचे मूळ खाली व टोक वर ठेवून टोक उघडे राहील इतपत दाबावा. ट्रे मांडवाखाली ठेवावेत, ओल राखावी, पण पाणी साचू देऊ नये. बारा-पंधरा दिवसांनी शेतात जेथे नांगे दिसतील तेथे ही रोपे मातीच्या गड्ड्यासह लावावीत. सर्व पीक एका वयाचे राहते आणि काढणी एकदम येते.

लागवड

जुलैअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत लागवड करावी. खरिपात सपाट वाफे टाळावेत. १२० सें.मी. रुंद, १५ सें.मी. उंच गादीवाफे व मध्ये ४५ सें.मी. सरी ठेवावी, म्हणजे जादा पाणी निघून जाते. लावताना सेटची वाळलेली पात कापावी. एकरी ४ ते ५ क्विंटल सेट लागतात. खत माती परीक्षणानुसार द्यावे; सर्वसाधारणपणे एकरी ४० किलो नत्र, २० किलो स्फुरद व २० किलो पालाश पुरते. निम्मे नत्र लागवडीवेळी व उरलेले दोन हप्त्यांत ४५ दिवसांच्या आत द्यावे. ढगाळ, दमट हवेत जांभळ्या करप्यावर नजर ठेवावी.

एवढे करूनही धोका राहतो का?

होय, राहतो. २०१९ मध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसाने जिल्ह्यात काढणीला आलेला खरीप कांदा सडवला. त्या पावसापुढे रोप आणि सेट असा भेद नव्हता. बाजारभावाचीही हमी कोणी देऊ शकत नाही. साठवलेला उन्हाळ कांदा संपत आला की नव्या लाल कांद्याला मागणी येते, पण निर्यातबंदीसारख्या एका निर्णयाने चित्र पालटते, हे डिसेंबर २०२३ मध्ये आपण पाहिले. सेटमुळे जूनची मर टळते. तिच्यापलीकडची हमी या पद्धतीत नाही.

म्हणून पहिल्या वर्षी पाच गुंठ्यांवरच प्रयोग करावा. त्यासाठी सुमारे ३५० ग्रॅम बी, २५ चौरस मीटर वाफा, लागवडीला ५० ते ६० किलो सेट आणि नांग्यांसाठी दहा ट्रे पुरे होतात. उरलेल्या क्षेत्रात नेहमीप्रमाणे रोपे लावावीत. दोन्हींचा खर्च, नांगे, डेंगळे, काढणीची तारीख आणि उत्पादन वहीत शेजारी-शेजारी लिहावे. दुसऱ्या वर्षी क्षेत्र वाढवायचे की नाही, हे तुमची वहीच सांगेल.