घटक ४ : संगणकातील प्रवेशनोंदी – वाचन आणि अर्थनिर्णय

४.१ उद्दिष्टे
या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास,
• आज्ञारेषेवरून लॉगिनच्या नोंदी पाहता येतील.
• नोंदीतील प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगता येईल.
• नोंदीवरून काय सिद्ध होते व काय होत नाही, हे स्पष्ट करता येईल.

४.२ प्रस्तावना
पतसंस्था, ग्रामपंचायत, शाळा अशा ठिकाणी काम करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांचे नाव दररोज एखाद्या संगणकात नोंदले जाते. उद्या काही गैरप्रकार घडल्यास प्रथम हीच नोंद पाहिली जाईल. म्हणून तिचे वाचन ही केवळ तांत्रिक बाब राहत नाही. मोडी कागद वाचताना आपण तो कोणी, केव्हा, कोणत्या कालगणनेत लिहिला हे तपासतो. तीच शिस्त येथेही आवश्यक आहे.

४.३ विषय विवेचन

४.३.१ आज्ञा
लिनक्स प्रणालीत टर्मिनल उघडून आज्ञा टंकित करावी लागते. (येथे आज्ञांचे उच्चार दिले आहेत, प्रत्यक्षात त्या रोमन लिपीच्या लहान अक्षरांत लिहाव्यात.) ‘हू’ ही आज्ञा या क्षणी कोण आत आहे ते दाखवते. १९७१ च्या युनिक्स पुस्तिकेतही ती आढळते. ‘लास्ट’ ही आज्ञा पूर्वीच्या प्रवेशांची यादी देते. सर्वांत अलीकडची नोंद सर्वांत वर असते. ‘लास्टबी’ फसलेले प्रयत्न दाखवते. त्यासाठी प्रशासकाचे अधिकार लागतात. विंडोज प्रणालीत यशस्वी प्रवेश ४६२४ व अयशस्वी प्रवेश ४६२५ या घटना-क्रमांकांखाली नोंदले जातात.

४.३.२ नोंदीची रचना
पुढील कल्पित नोंद पाहा :

लेखा – पीटीएस/० – १९२.१६८.१.१४ – रवि, ऑगस्ट १० – २०:१० ते २०:२५ (००:१५)

‘लेखा’ हे खात्याचे नाव आहे. त्यापुढे टर्मिनल, मग ज्या यंत्रावरून प्रवेश झाला त्याचा पत्ता (हा पत्ता कार्यालयाच्या अंतर्गत जाळ्यातील आहे), शेवटी वेळ आणि कंसात कालावधी. वाक्यातून क्रियापद वगळावे तशी ही रचना आहे. ‘प्रवेश केला’ हे क्रियापद वाचकाने मनात पुरवायचे असते.

४.३.३ अर्थनिर्णयातील तीन दक्षता
(अ) कर्ता : ‘शिपायाने कुलूप उघडले’ आणि ‘किल्लीने कुलूप उघडले’ या दोन्ही वाक्यांत ‘ने’ हाच प्रत्यय आहे, परंतु पहिल्यात कर्ता आहे, दुसऱ्यात करण. प्रवेशनोंदीतील खाते हे किल्लीसारखे करण आहे. ‘लेखा’चा पासवर्ड चौघांना ठाऊक असेल, तर नोंदीवरून कर्ता ठरत नाही. ११ व १३ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर झालेल्या सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. बनावट कार्डांद्वारे २८ देशांत, तसेच कोल्हापूरसह भारतातील काही शहरांत एटीएममधून रकमा काढल्या गेल्या. कार्डावरील ओळख एकाची, हात दुसऱ्याचा. तो हात ओळखण्यास कॅमेऱ्याचे चित्रण, हजेरीपट असा पूरक पुरावा लागतो.

(आ) काळ : पुष्कळ सर्व्हर जागतिक प्रमाणवेळ पाळतात. भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. वरील नोंद जागतिक वेळेतील असेल, तर प्रवेश रविवारी रात्री झालाच नाही; तो सोमवारी पहाटे १ वाजून ४० मिनिटांनी झाला. शिवाय या यादीत सामान्यतः वर्ष दिसत नाही. ‘लास्ट’पुढे संयोगचिन्ह व रोमन मोठे ‘एफ’ अक्षर दिल्यास ते दिसते.

(इ) मौन : नोंदींची फाइल ठरावीक काळाने बदलली जाते. यादीच्या अखेरीस ती कोणत्या दिवसापासून सुरू होते ते दिलेले असते. त्याआधीच्या दिवसाबद्दल यादी मौन पाळते. त्या मौनाचा अर्थ ‘कोणी आले नाही’ असा करू नये. प्रशासकाचे अधिकार मिळवणारा घुसखोर नोंद पुसूही शकतो. म्हणूनच नोंदींची प्रत अन्य यंत्रावर ठेवतात. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी अशा नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक आहे.

४.४ सारांश
प्रवेशनोंद खाते, स्थळ व काळ सांगते; व्यक्ती सांगत नाही. म्हणून नोंदीवरून सहकाऱ्यावर आरोप करण्याआधी या तीन दक्षता पाळाव्यात, आणि आपला पासवर्ड दुसऱ्यास देऊ नये. तो दिल्यास त्याच्या प्रत्येक कृतीपुढे आपले नाव लागते.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. ‘लास्ट’ व ‘लास्टबी’ यांतील फरक लिहा.
२. कर्ता व करण यांतील भेदाच्या आधारे खाते आणि व्यक्ती यांचा संबंध स्पष्ट करा.
३. जागतिक वेळेनुसार शनिवारी १९:०० वाजताची नोंद भारतीय वेळेत मांडा.

उत्तर ३ : रविवार, ००:३०.