आराखडा सर्वांचा

(एखादी वस्तू कशी बनवली आहे हे सर्वांना खुले केले, तर तिच्यात सुधारणा होतात आणि ती दूरवर पोहोचते. या विचाराच्या प्रसारासाठी पुण्यातील एका वर्गाने मेळाव्याची आखणी कशी केली, ते या पाठात वाचा.)

आमच्या शाळेच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. टाकी भरली की भोंगा वाजवणारे एक छोटे यंत्र तिला बसवले होते. ऐन उन्हाळ्यात ते बंद पडले. मी ते दुरुस्तीला नेले. कारागिराने पेटी उलटसुलट करून पाहिली आणि म्हटले, "मास्तर, ही पेटी चिकटवून बंद केली आहे. आत काय आहे, त्याचा नकाशा कोणाकडेच नाही. नवीन घ्या."

नवीन यंत्र येईपर्यंत रोज पाणी वाहून गेले.

नववीच्या वर्गात मी ही हकिकत सांगितली. एका मुलीने विचारले, "सर, यंत्र आपण विकत घेतले. मग ते आतून कसे आहे, हे आपल्याला का कळू नये?"

मी म्हणालो, "काही लोक आपल्या यंत्राचा आराखडा, सुट्या भागांची यादी आणि जोडणीची रीत सर्वांसाठी खुली ठेवतात. कोणीही ती वाचावी, त्यावरून वस्तू बनवावी, तिच्यात बदल करावा आणि ती विकावीसुद्धा. अशा साधनांना 'ओपन सोर्स हार्डवेअर' म्हणतात. आपण त्यांना 'खुली यंत्रे' म्हणू. इटलीतील इव्रिया गावात २००५ साली तयार झालेला 'आर्डुइनो' हा छोटा फलक असाच खुला आहे. जगभरचे विद्यार्थी त्यावर प्रयोग करतात."

"म्हणजे हे परदेशातच चालते?" एका मुलाने विचारले.

"मुळीच नाही. खेड्यातला हातपंप तुम्ही पाहिला आहे ना? पूर्वीचे बिडाचे पंप एका कुटुंबापुरते असत. सगळे गाव ते दिवसभर वापरू लागले, की ते मोडत. सोलापुरात एका कारागिराने पोलादाचा मजबूत पंप बनवला. १९७० च्या दशकात युनिसेफ, भारत सरकार आणि अभियंते यांनी त्याच्या आधारे 'इंडिया मार्क दोन' हा हातपंप तयार केला. त्याच्यावर कोणाचीही मालकी ठेवली नाही. अनेक कारखान्यांनी तो ठरलेल्या मापांनी बनवला. तो भारतभर पसरला आणि आफ्रिकेतही गेला.

आपल्या पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तेथे मुले हातांनी काम करत विज्ञान शिकतात. २००२ साली अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेच्या सहकार्याने तेथे 'फॅब लॅब' ही कार्यशाळा सुरू झाली. संगणकावर काढलेल्या आकृतीवरून तिथली यंत्रे वस्तू कापून देतात."

मुलांनी ठरवले, की आसपासच्या शाळांना बोलावून खुल्या यंत्रांचा मेळावा भरवायचा.

"प्रदर्शन मांडू या," एक जण म्हणाला. दुसरी म्हणाली, "प्रदर्शन लोक पाहतात आणि घरी जातात. आपल्या मेळाव्यातून प्रत्येकाला वस्तू बनवता आली पाहिजे."

हे सर्वांना पटले. एकच वस्तू निवडली : टाकीचा भोंगा. तपकीर गल्लीतून ट्रान्झिस्टर, रोध, भोंगा आणि ९ व्होल्टची बॅटरी आणली. टाकीत दोन तारा सोडायच्या. पाणी त्यांना टेकले, की पाण्यातून अगदी थोडी वीज वाहते. तेवढ्याने ट्रान्झिस्टर चालू होतो आणि भोंगा वाजतो.

पहिला भोंगा पंधरा दिवस चालला आणि मुका झाला. मुले हिरमुसली. एकाने तर म्हटले, "सर, आपलाच भोंगा चालत नाही. लोकांना काय दाखवणार?"

एका मुलीचे अब्बा नळकाम करतात. तिने आराखडा त्यांना दाखवला. ते गच्चीवर आले. तांब्याच्या तारांवर हिरवट थर चढला होता. ते म्हणाले, "पाण्यात तांबे नको. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू लावा." तसे केल्यावर भोंगा पुन्हा वाजू लागला.

मी मुलांना म्हटले, "आपला आराखडा बंद पेटीत असता, तर अब्बांना ही चूक दिसली असती का?"

त्यानंतर मेळाव्याची योजना अशी ठरली :

पहिले, आराखडा मराठी व उर्दू अशा दोन्ही भाषांत छापायचा. त्यावर सुट्या भागांची यादी आणि किंमत असेल.

दुसरे, आराखड्याखाली लिहायचे : 'हा कोणीही वापरावा, बदलावा, यावरून वस्तू बनवून विकावी. मूळ करणाऱ्यांचे नाव लिहावे आणि केलेला बदल सर्वांना सांगावा.'

तिसरे, प्रत्येक मेजावर वेगवेगळ्या शाळांतील चार मुले बसतील. एक आराखडा वाचेल, एक मोजेल, एक जोडेल आणि एक नोंद करील. मग कामे आलटून-पालटून घेतील. डाग देण्याचे काम शिक्षकांसमोरच होईल. घरातील विजेला कोणी हात लावणार नाही.

चौथे, नळकाम करणारे आणि रेडिओ दुरुस्त करणारे यांना पाहुणे म्हणून नव्हे, तर शिक्षक म्हणून बोलवायचे.

पाचवे, एक 'सुधारणा-वही' ठेवायची. तिच्या पहिल्या पानावर अब्बांनी सुचवलेला बदल लिहिला आहे.

मेळावा यशस्वी झाला की नाही, हे टाळ्यांवरून ठरणार नाही. एका महिन्याने प्रत्येक शाळेला विचारायचे, "तुमचा भोंगा वाजतो का? बंद पडला, तर तुम्हीच दुरुस्त केलात का?"

शब्दार्थ
आराखडा – वस्तू कशी बनवायची ते दाखवणारे रेखाचित्र, खाका
बीड – ओतीव लोखंड
रोध – विजेचा प्रवाह कमी करणारा सुटा भाग
हिरमुसणे – नाराज होणे
डाग देणे – कथील वितळवून तारा जोडणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) टाकीचे जुने यंत्र दुरुस्त का झाले नाही?
(आ) विज्ञान आश्रम कोठे आहे?
२. मुलांनी प्रदर्शन न भरवता मेळावा का ठरवला, ते तीन-चार वाक्यांत लिहा.
३. 'उलटसुलट', 'आलटून-पालटून' यांचा वाक्यांत उपयोग करा.
४. उपक्रम : तुमच्या घरातील बंद पडलेल्या एका वस्तूचे नाव लिहा. ती दुरुस्त करण्यासाठी कोणती माहिती हवी, ते कारागिराला विचारून लिहा.