बालगीतांची जुनी चित्रमय पुस्तकं : जमवायची, पण कशी?



पहिलीच्या वर्गात आपण इंग्रजी राइम्स घेतो. हातवारे करतो, मोबाइलवर व्हिडिओ लावतो. पण या गाण्यांना पुस्तकात चित्रं कोणी दिली, हे आपल्याला डी.एड.ला कुणी सांगितलं नाही. म्हणून आजचा हा पाठ आपल्यासाठीच.

इंग्रजी बालगीतांच्या आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या पुस्तकांपैकी एक लंडनमध्ये १७४४ च्या सुमारास निघालं. आकार तळहातावर मावेल एवढा. त्याचा दुसरा भाग ब्रिटिश लायब्ररीत आहे. असं का होतं? मुलांची पुस्तकं मुलं वापरतात! फाडतात, चघळतात, त्यावर रेघोट्या ओढतात. त्यामुळे जुनं, धड पान असलेलं पुस्तक दुर्मीळ, आणि म्हणूनच महाग.

संग्राहक सगळ्यात जास्त शोधतात ती एडमंड इव्हान्स या मुद्रकाच्या छापखान्यातली पुस्तकं. वॉल्टर क्रेनचं ‘द बेबीज ऑपेरा’ (१८७७), केट ग्रीनवेचं ‘मदर गूज’ (१८८१), आणि रँडॉल्फ कॅल्डेकॉटची १८७८ ते १८८५ या काळातली सोळा पुस्तकं, किंमत एकेक शिलिंग. इव्हान्स प्रत्येक रंगासाठी वेगळा लाकडी ठसा कोरून घ्यायचा आणि एकावर एक छापायचा. ठसा केसभर सरकला तरी गालाचा रंग गालाबाहेर जाणार. हे वर्गात करून बघा: बटाट्याचे दोन ठसे, एक लाल, एक हिरवा, आणि दोन्ही मिळून एकच फूल. मुलांना दोन मिनिटांत कळतं की हे काम किती अवघड होतं. चित्र नुसतं दाखवून एवढं कळत नाही.

खरेदी करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा. ग्रीनवेच्या ‘मदर गूज’च्या पहिल्या आवृत्तीवर साल छापलेलंच नाही. तेव्हा प्रकाशकाचं नाव बघायचं. रूटलेज असेल तर जुनी प्रत असण्याची शक्यता, वॉर्न असेल तर नंतरची. विक्रेता नुसतं ‘अँटिक’ म्हणाला म्हणून पैसे मोजू नका. दुसरं म्हणजे, एकोणिसाव्या शतकातल्या चकचकीत हिरव्या कापडी बांधणीच्या काही पुस्तकांत आर्सेनिकयुक्त रंग सापडला आहे. अशी प्रत लहान मुलाच्या हातात अजिबात देऊ नये.

आता कुणी म्हणेल, मॅडम, आपल्या पगारात हे कुठे परवडायचं? खरंय. मलाही परवडत नाही. पण ‘बेबीज ऑपेरा’ आणि ‘मदर गूज’ ही दोन्ही प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहेत. चार पानांची रंगीत प्रिंट काढा, लॅमिनेट करा, आणि मुलांना बिनधास्त हाताळू द्या. कपाटात कुलूपबंद ठेवलेल्या पुस्तकापेक्षा हे केव्हाही बरं.

संग्रह कसा असावा, याचं उदाहरण म्हणजे आयोना आणि पीटर ओपी हे इंग्रज दांपत्य. पहिल्या बाळाची वाट बघताना त्यांच्या तोंडी एक जुनं गाणं आलं, आणि ते आलं कुठून, असा प्रश्न पडला. उत्तर शोधत शोधत १९५१ साली त्यांचा बालगीतांचा कोश ऑक्सफर्डने छापला. त्यांनी जमवलेली सुमारे वीस हजार पुस्तकं पुढे बोडलियन ग्रंथालयात गेली. भाव वाढेल म्हणून जमवणं वेगळं आणि प्रश्न पडला म्हणून जमवणं वेगळं.

पालकहो, तुमच्याही घरात आजीच्या ट्रंकेत एखादं जुनं बडबडगीतांचं पुस्तक असेल. रद्दीत देण्याआधी आतलं पान उघडा. चित्रकार कोण, आवृत्ती कितवी, साल कोणतं, हे वहीत टिपून ठेवा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, तो पिवळा पडून कागद खातो. आणि कोपऱ्यात कुणाचं नाव किंवा पेन्सिलीने काढलेला वाकडातिकडा हत्ती असेल, तर तो खोडू नका. बाजारात त्याने किंमत उतरते, उतरू दे. ते पुस्तक कुणीतरी वाचलं होतं, एवढं त्यावरून कळतं.