पेशी जमीन कशी चाचपते?

मुलांनो, एक दोरी खिडकीच्या गजाला बांधून ओढून पाहा. हाताला ताण लगेच जाणवेल. आता तीच दोरी सायकलच्या ट्यूबच्या तुकड्याला बांधून ओढा. ट्यूब लांबत जाते आणि ताण सावकाश वाढतो. डोळे मिटले तरी पलीकडे काय बांधले आहे ते ओळखता येते. आपल्या शरीरातील पेशी हीच युक्ती वापरते!

इ. स. २००० मध्ये अमेरिकेत चुन-मिन लो, यू-ली वांग आणि सहकाऱ्यांनी एक सुरेख प्रयोग केला. जेलीसारख्या पदार्थाचा थर घेतला. अर्धा मऊ, अर्धा ताठर. त्यावर उंदराच्या फायब्रोब्लास्ट पेशी सोडल्या. मऊ भागातून आलेल्या पेशी सीमा ओलांडून ताठर भागात गेल्या. ताठर भागातून आलेल्या मात्र सीमेपाशी वळल्या किंवा मागे सरल्या! या वागण्याला ‘ड्युरोटॅक्सिस’ म्हणतात.

पेशीचा ‘हात’ म्हणजे इंटेग्रिन हे प्रथिन. ते बाहेरचा पृष्ठभाग धरते. आत अ‍ॅक्टिनचे तंतू व मायोसिन त्याला ओढतात (आपले स्नायूही याच जोडीवर चालतात). दोहोंना जोडणारे टॅलिन पुरेशा ताणाने उलगडते, मग व्हिन्क्युलिन त्याला चिकटते आणि पकड पक्की होते. मऊ जागी तेवढा ताण येतच नाही. पकड कच्ची राहते. साहजिकच पेशी ताठर बाजूकडे सरकते. सगळ्याच पेशी अशा वागत नाहीत, हे मात्र ध्यानात ठेवा.

स्तनाच्या कर्करोगाची गाठ बोटांना बहुधा कठीण लागते. तिच्याभोवतीचे कोलॅजेनचे जाळे ताठर झालेले असते. २००९ साली उंदरांवरील प्रयोगांत हा ताठरपणा कमी केला, तेव्हा गाठींची वाढ मंदावली.