अंग दुखलं म्हणजे व्यायाम झाला?

जिममध्ये नाव घातलं त्याच दिवशी ट्रेनरने माझ्याकडून बैठकांचे सेटवर सेट काढून घेतले. वर हसत म्हणाला, ‘‘काका, उद्या जिना उतरता आला नाही तर समजा व्यायाम झाला!’’ दोन दिवसांनी मांड्या सुजून टणक झाल्या, कमोडवरून उठायला दाराची कडी धरावी लागली आणि लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा झाला. डॉक्टरांनी रंग ऐकताच रक्तातलं सीपीके हे स्नायूंमधलं एन्झाइम तपासायला लावलं आणि दाखल करून सलाईन सुरू केलं. सवय नसलेल्या स्नायूंवर एकदम भार पडला की त्यांचे तंतू फुटतात, त्यातलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडांना इजा करू शकतं. याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. अशी लघवी दिसली तर वेदनाशामक गोळी घेऊन झोपू नका, लगेच दवाखाना गाठा.

बरा झाल्यावर डॉक्टरांना विचारून पुन्हा वजनं हातात घेतली, पण रीतसर. ती रीत अशी.

नेहमीपेक्षा थोडं जास्त काम पडलं तरच स्नायू वाढतात. यातला ‘थोडं’ हा शब्द महत्त्वाचा. ८ ते १२ वेळा नीट उचलता येईल असं वजन घ्या आणि अजून दोनदा जमेल असं वाटत असतानाच थांबा. असे तीन सेट करा. तिन्ही सेटमध्ये १२चा आकडा सहज गाठला की वजन जरासं वाढवायचं आणि पुन्हा ८पासून सुरुवात. तालमीतले वस्तादही जोर-बैठकांचा आकडा असाच चढवत नेतात.

सुरुवातीच्या काही आठवड्यांत ताकद वाढते, पण आरशात फरक दिसत नाही. आधी मेंदू आणि नसा ती हालचाल शिकतात, दंड भरायला महिने लागतात. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरा तर त्याहून सावकाश तयार होतात. म्हणून जोर आला तरी घाई नको.

स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेंच प्रेस, रोइंग एवढ्यात सगळं अंग येतं. प्रत्येक स्नायूला आठवड्यातून दोनदा काम पुरे. स्नायूंची डागडुजी विश्रांतीत होते, तेव्हा मधले दिवस मोकळे ठेवा आणि सात-आठ तास झोपा.

स्नायू वाढवायचे तर वजनाच्या किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६५ किलोच्या माणसाला शंभरेक ग्रॅम. एका अंड्यातही साधारण ६ ग्रॅमच मिळतात, तेव्हा नुसत्या वरण-भातावर हा हिशेब बसत नाही. दूध, पनीर, सोयाबीन, अंडी, मासे यांची जोड हवी. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

आणि एक वही घाला: तारीख, व्यायाम, वजन, किती वेळा. पुढचं वजन ठरवायच्या आधी ती वही बघायची तसदी जो ट्रेनर घेत नाही, त्याला फी देऊ नका.