गॅस गीझर पेटत नाही? आधी टाकीची उंची बघा

थंडी सुरू झाली की नरसी नामदेवसारख्या गावात गॅस गीझरची एक तक्रार हमखास ऐकू येते. नळ सोडला, पाणी येतंय, पण 'टिकटिक' नाही आणि जाळही नाही. हिंगोलीहून मेकॅनिक येतो, झाकण उघडतो, "प्रेशरचा स्विच गेलाय" म्हणतो आणि पाचशे ते हजार रुपयांना काम उरकतो. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. अशा कित्येक घरांत स्विच धडधाकट असतो, दुखणं गच्चीवर असतं.

पाणी आलं हे गीझरला कळतं कसं, ते आधी समजून घ्या. खालच्या पितळी वॉल्व्हमध्ये लहान पुरीएवढा रबरी पडदा असतो. पाण्याच्या जोराने तो सरकतो, त्याची पिन पुढे ढकलली जाते, गॅसची वाट उघडते आणि मायक्रो स्विचचा सांधा जुळतो. मग दोन जाड सेलवर ठिणगी उडते. जोर कमी असेल तर पडदा हलत नाही, गीझर पेटत नाही. हा बिघाड नव्हे, गीझर त्याचं काम चोख करतोय.

आता हिशेब बघा. पाण्याची दहा मीटर उंची म्हणजे साधारण एक किलो दाब, म्हणजे एका फुटाला जेमतेम 0.03 किलो. बहुतेक गीझरना पेटायला 0.2 ते 0.25 किलो लागतो, गीझरच्या पाटीवर किंवा पुस्तिकेत हा आकडा असतो (0.025 एमपीए लिहिलं असेल तर तो 0.25 किलोच). एकमजली घर, दहा फुटांवर स्लॅब, त्यावर टेकवलेली टाकी आणि पाच फुटांवर गीझर, अशी मांडणी असेल तर टाकीच्या तळाचा दाब जेमतेम 0.15 किलो भरतो. टाकी काठोकाठ असली की वरच्या चार फुटांची भर पडून गीझर पेटतो, अर्धी झाली की बसतो. "पहाटे चालतो, नऊ वाजता चालत नाही" या तक्रारीचं उत्तर इथेच आहे. आषाढीनंतरच्या परतवारीला घर पाहुण्यांनी भरतं आणि एकाच वेळी तीन नळ सुटतात, तेव्हाही हेच होतं.

मेकॅनिकला फोन करण्याआधी दहा लिटरची बादली आणि घड्याळ घ्या. गॅस बंद ठेवून गीझरचा नळ पूर्ण सोडा. बादली दोन ते तीन मिनिटांत भरली तर पाणी पुरेसं आहे. चार मिनिटांच्या पुढे गेली तर गीझरला हात लावू नका, पाण्याची वाट तपासा. पाणी जिथे गीझरमध्ये शिरतं तिथल्या नटात बारीक जाळी असते. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे क्षार आणि टाकीतला गाळ तिथेच अडकतो. पाण्याचा कॉक बंद करून नट सोडवा, जाळी जुन्या टूथब्रशने घासा. खर्च शून्य.

पाणी पुरेसं असूनही टिकटिक नसेल तर आधी दोन्ही सेल बदला. साधे घेतले तर शंभराच्या आत काम होतं. तरीही नाही, तर पडदा फाटलाय किंवा मायक्रो स्विच गेलाय. यातला कोणताही भाग साधारण 50 ते 150 रुपयांचा असतो, वर मेकॅनिकची फेरी आणि मजुरी 300 ते 500. टिकटिक होते पण जाळ येत नाही, तर सिलिंडर, रेग्युलेटर आणि कॉक बघा. सोलेनॉइड वॉल्व्ह किंवा ठिणगीचा डबा बदलायला मजुरीसह 600 ते 1,000 लागतील. बरोबर वीस मिनिटांनी गीझर बंद पडत असेल तर पैसे घालवू नका, बऱ्याच कंपन्यांनी सुरक्षेसाठी तशी वेळच बांधून दिलेली असते. नळ बंद केल्यावरही जाळ राहत असेल, तर मात्र सिलिंडरचा कॉक लगेच बंद करा आणि दुरुस्ती होईपर्यंत गीझर वापरू नका. नवा गीझर चार ते सात हजारांत मिळतो. दुरुस्ती दोन हजारांवर जात असेल तर जुन्याचा मोह सोडा.

काही जण "स्विच डायरेक्ट करून देतो" म्हणतात. स्पष्ट नकार द्या. पाणी नसताना जाळ पेटला तर तांब्याची कॉइल जळते, आणि आग लागू शकते. बदललेला जुना भाग हातात मागा, पक्की पावती घ्या.

दाब वाढवायला दुकानदार छोटा प्रेशर पंप सुचवतील, तीन ते सहा हजारांचा. माझं मत टाकी उचलण्याच्या बाजूने आहे. गॅस गीझर सेलवर चालतो, लाइट गेली तरी पाणी तापवतो. पंप लावला की तोही लाइटीवर अवलंबून. लोखंडी स्टँड किंवा विटांचा ओटा करून टाकी चार फूट वर घेतली की 0.12 किलोची कायमची भर पडते, खर्चही साधारण पंपाइतकाच. एवढंच, की हजार लिटरची भरलेली टाकी एक टनाची असते. तिचा भार भिंतीवर किंवा बीमवर येऊ द्या, स्लॅबच्या मधोमध नको.

अमेरिकेत घर ऊबदार ठेवणाऱ्या गॅस भट्टीतही प्रेशर स्विच असतो, दोन टप्प्यांवर चालणाऱ्या भट्टीत तर बहुधा दोन. तो धूर ओढणाऱ्या पंख्यावर आणि धुराड्यावर नजर ठेवतो. वाट तुंबली तर गॅस सुटूच देत नाही. आपल्याकडच्या बहुतेक स्वस्त गीझरचा स्विच फक्त पाणी ओळखतो. बंद बाथरूममध्ये प्राणवायू घटला, कार्बन मोनॉक्साइड साचला, तर त्याला पत्ता लागत नाही, आणि त्या वायूला वास नसल्याने माणसालाही नाही. म्हणून गीझर बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर लावा आणि फक्त गरम पाण्याची नळी आत घ्या. हजार-दोन हजारांचं हे काम स्विचच्या दुरुस्तीआधी करा. तोवर आधी बादली भरा, गीझर बंद करा, मगच दार लावून अंघोळ करा.

गॅसचा वास आला तर 1906 हा आपत्कालीन क्रमांक चोवीस तास चालू असतो. दुरुस्तीत फसवणूक झाली असेल तर पावती हाताशी ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवा.