उपकारस्तुती हातांनीही करू या

वाचन : लूक 17:11-19



दहा कुष्ठरोगी बरे झाले. आभार मानायला एकच परत आला, आणि तोही शमरोनी, म्हणजे परका. बाकीचे नऊ जण कदाचित घरच्या ओढीने पुढे निघून गेले असतील. आपलेही असेच होते. संकट सरले की आपण आपल्या घरी जातो आणि मदतीचा हात विसरतो.

ऑगस्ट 2019 चा महापूर आठवा. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट. त्या वेळी राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी 55 फुटांच्या वर गेले. पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. जुलै 2021 मध्ये पुन्हा तीच वेळ आली. तेव्हा पूरग्रस्तांसाठी गावोगावच्या घरांतून भाकऱ्या आल्या. खाणारा कोणत्या जातीधर्माचा, हे थापणारीने विचारले नाही. आणि थापणारीचे नाव खाणाऱ्याला कळले नाही. मग ही फेड कोणाला करायची?

13व्या शतकातील संत थॉमस अक्वायनस कृतज्ञतेच्या तीन पायऱ्या सांगतात. पहिली, उपकार ओळखणे. दुसरी, तोंडाने आभार मानणे. तिसरी, योग्य वेळी, योग्य ठिकाणी, आपल्या ऐपतीप्रमाणे फेड करणे. फेडीत वस्तूपेक्षा मन मोठे, असेही ते शिकवतात.

'ऐपतीप्रमाणे' हा शब्द आपल्या हुपरीने नीट ऐकावा. 2025 साली चांदीचा भाव किलोला लाखाच्या पुढे गेला. भाव चढला की गिऱ्हाईक थांबते, पैंजणांचे काम कमी होते, आणि ज्यांची चूल रोजच्या मजुरीवर पेटते त्यांना झळ आधी लागते. मग आपण म्हणतो, "आमचीच ओढाताण, दुसऱ्याला काय देणार?"

पण चांदीच्या कामात केरसुद्धा कोणी फेकत नाही. तो जपून ठेवून आटवला की त्यातून चांदी निघते. आपल्या दिवसातही असे कण असतात : आजारी शेजाऱ्याला दवाखान्यात सोबत करणे, काम सुटलेल्या घरी डबाभर पीठ पोहोचवणे, एकट्या म्हाताऱ्या माणसापाशी घटकाभर बसणे. मात्र कारागिराची मजुरी ठरल्या दिवशी देणे ही दया नव्हे, तो न्याय आहे. ती अडवून ठेवून केलेले दान देवापुढे हलके भरते.

भाकरी थापणारी आपल्याला सापडणार नाही. आज आपल्या दारी जो अडला आहे, त्याच्या हाती तिची फेड करायची.

'युखारिस्त' या ग्रीक शब्दाचा अर्थच उपकारस्तुती. मिस्सा संपते तेव्हा ती दुसरी पायरी झालेली असते. तिसरी चर्चच्या दाराबाहेर सुरू होते.

घरी चर्चा करा :
1. कठीण दिवसांत आपल्या घराला कोणी हात दिला?
2. आपण कोणाची मजुरी, उसनवारी किंवा शब्द अडवून ठेवला आहे काय?
3. या आठवड्यात कोणाच्या दारी जायचे?